भोंगा आणि शीळ

राउटरच्या पानावर दोनच गोल आहेत,
एकात ठिपका भरायचा:
दोन पॉइंट चार, की पाच.

कंपनीचा पोरगा तेल्मो, डबा भिंतीला ठोकून
जिना उतरता उतरता म्हणाला होता,
पाच घ्या बाई, पाच म्हणजे वारा.
घर ग्रॅनाइटचं आहे हे त्याने पाहिलं होतं,
पण कौतुकाने.

माझ्या टेबलावर पाच खरंच वारा.
औषधांच्या खोक्यातली घडीची पत्रकं
मी जर्मनमधून पोर्तुगीजमध्ये आणते,
फाइल उघड म्हणायच्या आत उघडलेली.
दार ओलांडलं की एक रेघ गळते.
मधल्या खोलीत दुसरी.
बाबांच्या खोलीपर्यंत तीन भिंती,
एकेक हातभर जाड,
आणि तिथे पोचतो तो पाच
लांबच्या नातेवाइकासारखा, नावापुरता.

त्यातून बाबांचा फोन हट्टी.
उरलेल्या एका रेघेला धरून बसतो,
शेजारी धडधाकट दोन पॉइंट चार उभा असताना
त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.
(हा स्वभाव कुणाचा, ते मी बोलत नाही.)

संध्याकाळी बाबा बेटावरचा रेडिओ ऐकतात,
आसोर्सचा, बंदराच्या बातम्या:
कुठली बोट आली, किती पेट्या तुना,
वारा कुठून.
वारा कुठून हे सांगायच्या वेळेलाच
नेमकं चाक फिरू लागतं.

काल कागदावर मी त्यांना आकृती काढून दिली.
लहान लाटा, मोठ्या लाटा, मध्ये भिंत.
टोपी गुडघ्यावर ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
म्हणाले, म्हणजे भोंगा आणि शीळ.
मी म्हटलं, काय?
म्हणाले, धुकं उतरलं की शीळ कोण वाजवतं?
भोंगा लावतात, खर्जात.
शीळ जवळच्याला दचकवते आणि खडकावर आपटून मरते.
खर्जाला घाई नसते,
तो वळसा घालून होडीपर्यंत जातो.

एकतीस वर्षं दीपगृहावर काढलेल्या माणसाला
मी लाटा शिकवत होते.

तरी मी कुरकुरले. दोन पॉइंट चारवर गर्दी फार.
यादी उघडली की अख्खी गल्ली दारात:
बेकरीवाली फिलोमेना,
खालचे सेरकेइरा, वरचे सेरकेइरा (बोलत नाहीत एकमेकांशी,
पण दोघांचाही चॅनल सहा),
कुणाचातरी टीव्ही, कुणाचातरी प्रिंटर,
आणि उर्बानो.
उर्बानो लियाँला जाऊन चार वर्षं झाली.
खिडक्या फळ्यांनी बंद, अंगणात कमरेएवढं गवत,
आत कुठेतरी एक डबा अजून
त्याचं नाव पुकारतोय,
चारही रेघा भरून.

बाबांनी ते नाव दोनदा वाचलं.
काही बोलले नाहीत.

शेवटी मी गोल निवडला नाही.
दोन्ही चालू ठेवले, नावं वेगळी केली.
माझं शीळ, त्यांचं भोंगा.
मग त्यांच्या फोनवरून पाच काढायला गेले
तर फोन विचारतो: हे नेटवर्क विसरायचं?
बाबा म्हणाले, एवढं सोपं असतं होय?
आणि स्वतःच्या अंगठ्याने दाबलं.

आज रेडिओ न अडखळता लागला.
आवाज जाडाभरडा, पण सलग.
तीन भिंतींपलीकडून मला हाक आली, तीही खर्जातली,
नेली, सूप गरम कर.
मायक्रोवेव्ह लावला
आणि बंदर गप्प झालं.
हे मला ठाऊक होतं, तेल्मोलाही ठाऊक असणार:
हे यंत्र त्याच पट्ट्यात गुणगुणतं.

दोन मिनिटं.
आतून तक्रार नाही, काठी आपटली नाही.
धुक्यात थांबायची सवय असलेला माणूस
बसून राहिला असेल.

टिंग.

मग वाटी घेऊन मी मधल्या खोलीत पोचते तोवर
आतून ऐकू आलं:
वायव्येकडून, मध्यम,
रात्री वाढेल.